जबाबावरचा उजवा अंगठा

अकरा वर्षांत हे मी एकदाही तोंडाबाहेर काढलेलं नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. एकदा ओठांपर्यंत आलं होतं. वडिलांच्या दहाव्याला नाशिकला गंगेवर, गोदावरीच्या घाटावर बसलो होतो, आणि गुरुजी सहज म्हणाले, मनात काही अडकलं असेल तर तेही सोडून द्या पाण्यात. मी हातातली फुलं सोडली. तेवढीच.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण गेले चार दिवस कागद घेऊन बसतोय आणि रोज पहिल्या पानावर गवताचंच वर्णन होतंय. गवत किती वाढलं होतं, कसं वाळलं होतं, वारा लागला की कसं वाजायचं — जणू सगळा दोष गवताचाच.

दोष गवताचा नव्हता.

मी वनखात्यात नोकरी करतो. आता नाशिकजवळ एका रोपवाटिकेत असतो. पिशव्यांत माती भरून घेणं, रोपं गाड्यांवर चढवणं, असलं निरुपद्रवी काम. पण नव्वदीच्या दशकात मी पेठ तालुक्यातल्या डोंगरात वनरक्षक होतो. लोक मला गार्ड म्हणायचे. माझ्या हद्दीत करंजपाडा नावाचा बावीस घरांचा पाडा होता. कारवीच्या कुडाच्या भिंती, बहुतेकांवर गवताचं छप्पर. शेवटच्या घराचं अंगण संपलं की जंगल सुरू. मध्ये कुंपण नाही, रस्ता नाही, काही नाही.

आणि म्हणूनच त्या पाड्याची एक रीत होती. थंडी ओसरायला लागली की एक दिवस ठरवून माणसं पाड्याभोवतीचं गवत स्वतःच जाळून घ्यायची. त्याला ती कड जाळणं म्हणायची. वीसेक पावलं रुंद पट्टा, पाड्याला पूर्ण वळसा घालून. आधी घरांच्या बाजूचा पाचोळा झाडून घ्यायचा. बाया पाण्याचे हंडे भरून उभ्या, पुरुषांच्या हातात ओले डहाळे. मग आग लावायची आणि तिला पुढे पुढे न्यायची, गुरं हाकतात तशी. दुपारपर्यंत पाड्याभोवती काळं कडं तयार. पुढे उन्हाळ्यात डोंगरातून वणवा उतरलाच तर त्या काळ्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळायचं नाही. तिथेच विझायचा.

आग कधी लावायची ते देवजीबाबा सांगायचा. वय साठीपुढचं, एका डोळ्यात फूल पडलेलं, अंगाने काडी. त्याच्या चंचीत तंबाखूशेजारी सावरीचा कापूस असायचा, आदल्या वर्षीचा, जपून ठेवलेला. त्यातली चिमूटभर तो हवेत सोडायचा आणि ती कुठे जाते ते नुसतं बघत राहायचा. कधीकधी म्हणायचा, "आज नाय." की सगळे डहाळे टाकून घरी. कुणी का म्हणून विचारायचं नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी नऊ दिवस ते "आज नाय" ऐकलं. दहाव्या दिवशी कापूस हातभर अंतरावर सरळ खाली पडला आणि तो म्हणाला, "लावा."

मी ती रीत बंद केली.

खात्याचा तसा हुकूम नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. जंगलात आग लावू नये एवढंच मला शिकवलं होतं. पाड्याची कडही त्यात येते, हे मी माझ्या मनाने ठरवलं. तेव्हा गावोगाव वनसमित्या निघत होत्या. तीन उन्हाळे ज्या पाड्यात एकही आग दिसणार नाही त्याची बक्षिसासाठी निवड होणार होती. आणि त्या पाड्याच्या गार्डचा बदलीचा अर्ज अडणार नाही, असं साहेब बोलता बोलता म्हणून गेले होते. माझी बायको नाशिकला शिक्षिका. मुलगी दोन वर्षांची, मला बघून रडायची. हे कारण म्हणून सांगत नाही. पण माझ्या डोक्यात काय होतं ते तरी तुम्हाला कळायला हवं, नाही का?

मी समितीची बैठक घेतली. कड जाळायची नाही, जो जाळेल त्याच्यावर केस, असं सांगितलं. लोक देवजीबाबाकडे बघायला लागले. तो मला म्हणाला, "गार्ड, तू शिकलेला माणूस. तुला आग दिसती. मला गवत दिसतं." सगळे हसले. मीही हसलो. मग पत्र्याच्या पाटीवर हिरव्या रंगाने मीच अक्षरं रंगवली, वणवामुक्त पाडा, आणि पाड्याच्या तोंडाशी खांबावर ठोकली. अक्षर माझं चांगलं आहे. सगळे म्हणतात.

पहिला उन्हाळा आग आली नाही. दुसराही तसाच गेला. माझा ताठा वाढत गेला. आणि गवतही. जुनं आडवं पडलेलं, त्यावर नवं उभं राहिलेलं, अगदी छपरांच्या वळचणीला टेकेपर्यंत.

तिसऱ्या वर्षी माघ संपताना देवजीबाबा दुपारचा माझ्या चौकीवर आला. हातात शाळेतल्या गुरुजींकडून लिहून आणलेला अर्ज होता. पाड्याची कड जाळण्याची परवानगी मिळावी, खाली अंगठा. मी तो घेतला, फाइलला लावला.

"तोंडानं काय सांगतोस?" तो म्हणाला.

"बाबा, आता शेवटचे तीन महिने राहिले. तपासणी येणार आहे."

"गवत छातीला लागतंय रं गार्ड. वारा मावळतीकडनं आला ना, तर पाडा कुठं होता ते पण सापडायचं नाय." मग म्हणाला, "मला नको देऊ. तू लाव. तुझ्या हातानं लाव. मी नुसता वारा सांगीन."

मी नाही म्हणालो. वर हेही सांगितलं की, बाबा, तुम्ही जाळलीत तर पहिली केस तुमच्यावर. तो चौकीच्या पायरीवर थोडा वेळ बसला, तंबाखू मळली, आणि गेला.

त्याने कड जाळली नाही. हे वाक्य मला नीट लिहायचंय. देवजीबाबाने कड जाळली नाही. मी सांगितलं म्हणून नाही जाळली.

चैत्रात वणवा आला. दुपारी, मावळतीकडून, डोंगराच्या धारेपलीकडून. कुणी लावला, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळताना सुटला की आणखी काही, ते मला आजही माहीत नाही. पाड्यातली धडधाकट माणसं तेव्हा तिथे नव्हतीच. बहुतेक जण द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरी-निफाडच्या बाजूला गेलेले. मागे सगळी म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी, गुरं. मी चौकीवरून धूर बघितला आणि दोन मजुरांना घेऊन पळत सुटलो. पोहोचलो तेव्हा आग गवतातून येत नव्हती. गवतावरून येत होती. तिचा आवाज मला वर्णन करून सांगता येणार नाही. पावसाळ्यात ओढा उतरतो ना, तसा. पण कोरडा.

बावीसपैकी सतरा घरं गेली. एखाद्याने चहा करून प्यावा एवढ्या वेळात. देवजीबाबाने दोन्ही बाळंतिणींना खालच्या नागलीच्या मोकळ्या वावरात नेऊन बसवलं होतं. म्हातारी माणसं ढकलत, शिव्या देत काढली. एकच राहिली — भागीआजी. तिला उठता यायचं नाही. तिचा मुलगा काशिनाथ आणि सून दोघं छाटणीवर होती. देवजीबाबा तिच्यासाठी परत आत शिरला. दाराची चौकट पेटलेली होती, तरी आजीला धरून त्याने ओढली. छप्पर खाली आलं. मी हे बघितलं. मी तीस पावलांवर होतो, हातात ओला डहाळा, आणि माझे पाय हलले नाहीत. मजुरांनी त्याला मागे ओढला. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता.

भागीआजी आतच राहिली.

पाटीचा खांब जळाला. पाटी पडली होती. रंगाला फोड आले होते, पण अक्षरं वाचता येत होती.

आता मी जे सांगायला बसलोय तिथे आलो. इथवरचं कदाचित तुम्ही मूर्खपणा म्हणून सोडून द्याल. तरुण होता, अनुभव नव्हता म्हणाल. मीही माझ्याशी तसंच म्हणायचो. पण पुढचं?

दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. पंचनामा करायचा, कारण लिहायचं. त्या संध्याकाळी फाइल उघडली तर सगळ्यात वर देवजीबाबाचा अर्ज. त्यावर माझं उत्तर नाही. कुणीही विचारलं असतं, याने कड जाळायची परवानगी मागितली होती, तुम्ही काय केलंत? अर्ज फाडून टाकावा असं वाटलं. पण तो लिहून देणाऱ्या शाळेतल्या गुरुजींना माहीत होतं. मी बराच वेळ तो कागद बघत बसलो. आणि मग — हे कसं सुचलं? कुठून सुचलं? — मला त्याच कागदात माझी सुटका दिसली. परवानगी मागणारा माणूस. परवानगी न मिळालेला माणूस. भाजलेला हात.

मी देवजीबाबाचा जबाब लिहिला. सुंदर अक्षरात. की मी परवानगी नसताना आज रोजी पाड्याची कड जाळली, वाऱ्यामुळे आग हाताबाहेर गेली, आग लावताना माझा डावा हात भाजला, सदर जबाब मला वाचून दाखवला तो बरोबर आहे.

तो वावरात एका आंब्याखाली बसला होता. हाताला कसलासा पाला बांधलेला. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. त्याने विचारलं, "काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं. कागदाकडे बघत, ओळीवर बोट फिरवत वाचलं, की देवजी, राहणार करंजपाडा, याचं घर, दोन शेळ्या, एक कणगी नागली जळाली, सरकारकडून मदत मिळावी.

तो म्हणाला, "शेळ्या नाय जळाल्या. त्या हायेत. खोटं नको लिवू."

मी म्हणालो, "बरं, खोडतो." आणि कागदावर पेन टेकवून काहीतरी खोडल्यासारखं केलं.

रीतीप्रमाणे डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा, तो घेता येत नव्हता. म्हणून उजवा घेतला. शाई लावताना त्याचा अंगठा माझ्या बोटांत होता, थंड होता. खाली कंसात लिहिलं, डावा हात भाजल्याने उजव्या हाताचा अंगठा. साहेबांनी नंतर तेवढ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काम नीट आहे तुमचं."

छाटणीवरची माणसं दोन दिवसांनी टेम्पोतून परत आली. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिथे सांगणारा मीच होतो. कागद हातात असलेला. वणवा आला तेव्हा बाकीची म्हातारी सावलीला निजलेली. सुरुवात कुणीच बघितली नव्हती. हात कसा भाजला ते बघणारे दोघं मजूर माझ्याच हजेरीवर पोट भरणारे. आणि तीन वर्षं कड जाळू दे, कड जाळू दे म्हणणारा एकच माणूस होता. लोकांना पटायला फार वेळ लागला नाही. देवजीबाबा म्हणत होता, मी नाय लावली. काशिनाथ त्याच्या अंगावर धावून गेला, "मग अंगठा काय तुझ्या बापानं दिला?" म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वारा बघताना बघायचा ना, तसं.

त्यानंतर पाड्याने त्याला काही विचारणं बंद केलं. पुढच्या वर्षी राब भाजायच्या, म्हणजे पेरणीआधी वावर भाजायच्या वेळी लोक स्वतःच आकाशाकडे बघून आग लावायला लागले. तो अंगणात बसलेला असायचा, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. कुणी हाक मारायचं नाही. ज्या माणसाच्या तोंडून निघालेलं "आज नाय" बावीस घरं ऐकायची, त्याचं ऐकणारं एकही घर उरलं नाही. केस उभी राहिली. तारखेला तो पेठेला चालत यायचा. मी सरकारी जीपने.

तिसऱ्या की चौथ्या तारखेला कोर्टात तो जबाब मोठ्याने वाचला गेला. पहिल्यांदाच त्याने तो ऐकला. मी भिंतीकडे बघत होतो. मला वाटलं, आता हा ओरडेल. बाहेर आल्यावर मी कडुनिंबाखालच्या टपरीशी उभा होतो, तर माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"मला वाटलं घराचं लिवलंय," तो म्हणाला.

मी चहाचा ग्लास पुढे केला. त्याने घेतला. सावकाश प्यायला. मग ग्लास विसळून ठेवला आणि म्हणाला, "कोर्टाचं जाऊ दे. तुझी नोकरी जाईल. पण काशिनाथला तेवढं सांग. त्याला वाटतं मी त्याच्या आईला जाळली."

मी म्हणालो, "सांगतो."

तो म्हणाला, "सांग हां." आणि पाड्याच्या वाटेला लागला.

काशिनाथ तेव्हा कुठे होता? पाड्यातच. माझ्या चौकीपासून पाऊण तासावर. किती वेळा गेलो असेन मी त्या घरावरून? त्याने मला कितीदा चहाला बसवलं! त्याच्या नव्या घराच्या पत्र्यांच्या मदतीचा कागद मीच पुढे सरकवला, म्हणून तो माझ्या पाया पडायला वाकला होता. मी त्याला वरच्यावर धरला. तेव्हा सांगता आलं असतं. आज सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू, बदली झाली की जाताना सांगू. बदली झाली. मी जाताना सांगितलं नाही.

देवजीबाबा दोन हजार सालाच्या आसपास कधीतरी गेला. मला पेठेच्या एका मजुराकडून कळलं. खांदा द्यायला चौथा माणूस शोधावा लागला म्हणे. केस तशीच मिटली.

हे सगळं मी कदाचित असंच घेऊन मेलो असतो. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट झाली.

आता खात्यानेच ठरवलंय की जंगलाला लागून असलेल्या पाड्यांनी थंडी सरताना भोवतीचं गवत जाळून घ्यावं. ते कसं करायचं, हे दाखवायला दोन-चार ठिकाणी शिबिरं घेतली, आणि डोंगराचा अनुभव असलेला म्हणून मला पाठवलं. मी पन्नासेक लोकांसमोर उभा राहिलो. आधी पाचोळा झाडा, पाणी भरून ठेवा, डहाळे ओले हवेत, आग हाकत न्या. आणि खिशातून सावरीचा कापूस काढून हवेत सोडला. हो, मी तो बरोबर नेला होता. लोकांना फार आवडलं. कुणीतरी विचारलं, साहेब, हे कापसाचं कुणी शोधलं? मी हसून म्हणालो, "अनुभवातून येतं हे."

तेव्हा मागच्या रांगेतून एक माणूस उठला. केस पांढरे झालेले, पण मी ओळखला. काशिनाथ.

"साहेब सांगतायत ते खरं हाय," तो लोकांना म्हणाला, "पण जपून रे बाबांनो. आमच्या पाड्यात एक म्हातारा होता. त्याला पण वाटायचं त्याला वारा कळतो. साहेबांनी नको म्हणलं तरी त्यानं लावली. माझी आई गेली त्यात. साहेबांना विचारा, ते होते."

पन्नास माणसांनी माझ्याकडे बघितलं. कापसाची चिमूट अजून हवेत होती. मला आठवतंय, ती खाली येतच नव्हती.

मी काय बोललो असेन?

मी म्हणालो, "म्हणून काळजी घ्यायला हवी."

जेवणाच्या वेळी काशिनाथने स्वतःच्या पानातली भाकरी मला वाढली. मी खाल्ली.

तर ते हे आहे. करंजपाड्याच्या देवजीने आग लावली नाही. त्याचा हात भागीआजीला ओढून काढताना भाजला. जबाब मी लिहिला, त्याला वेगळंच वाचून दाखवलं आणि त्याचा अंगठा घेतला. त्यानंतर त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती मी अकरा वर्षं केली नाही. आणि गेल्या महिन्यात पन्नास माणसांसमोर पुन्हा एकदा केली नाही.

हे मी दोनदा लिहून काढलं आहे. एक प्रत तुमच्यासाठी. दुसरी घेऊन मी उद्या सकाळच्या गाडीने पेठेला जातोय. तिथून करंजपाडा चालत. काशिनाथ सातवीपर्यंत शिकलेला आहे. कागद त्याच्या हातात देईन आणि समोर बसेन.

मी वाचून दाखवणार नाही.